झिजेचा माग

नीरा नदीवरचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि सातारा जिल्ह्यातलं शिरवळ लागतं. महामार्गावरून जाणाऱ्याला दिसतात ते कारखान्यांचे पत्रे, हॉटेलांच्या पाट्या आणि पुढं खंबाटकीकडं सरकणारी ट्रकची रांग. याच गावात १९८८ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याला नाव दिलंय क्रांतिसिंह नाना पाटलांचं, म्हणजे सातारा-सांगलीच्या प्रतिसरकारच्या पुढाऱ्याचं. विद्यापीठ नागपूरचं, मुलूख मात्र इथला: दुभत्या म्हशींचा, माडग्याळ मेंढ्यांचा, शर्यतीच्या खिलारांचा, आणि अलीकडं गावोगाव बंगल्यांच्या फाटकाआड भुंकणाऱ्या लॅब्राडॉर-जर्मन शेफर्डांचाही.

जनावरांच्या डॉक्टरकडं येणारी एक फार जुनी तक्रार म्हणजे लंगडणं. कुठं दुखतं ते रुग्ण सांगत नाही, आणि धनी सांगतो त्यात निम्मा अंदाज असतो. डॉक्टर जनावर चालवून बघतो, खुरापासून वर हात फिरवत नेतो, एकेक सांधा वाकवून कुठं अंग चोरतंय ते पाहतो आणि मग एक्स-रे काढायला सांगतो. इथवर आल्यावर जनावरांचा डॉक्टर आणि माणसांचा डॉक्टर एकाच अडचणीपाशी येऊन थांबतात. कारण एक्स-रेवर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, दिसतच नाही.

दिसतात ती दोन हाडं आणि त्यांच्यामधली काळी फट. त्या फटीत कूर्चा आहे असं धरून चालायचं. फट बारीक झाली म्हणजे कूर्चा गेली. ‘गॅप कमी झालाय’ हे वाक्य ऐकलं नाही असं घर आता सापडणं कठीण. पण ते वाक्य उच्चारलं जाईपर्यंत बरीच वर्षं उलटलेली असतात. एक्स-रे गेलेल्या मालाचा पंचनामा करतो, माल जात असताना तो काही बोलत नाही. एमआरआयवर कूर्चा दिसते, तिची जाडी मोजता येते. तरीही दिसते ती त्या दिवसाची स्थिती. झीज आत्ता चालू आहे की दहा वर्षांपूर्वी होऊन थांबली, हे एका चित्रावरून कळत नाही.

मग चालू असलेली झीज पकडायची कुठं? गेली चाळीसेक वर्षं जगभरचे काही संशोधक या प्रश्नाचं उत्तर लघवीच्या बाटलीत, रक्ताच्या नळीत आणि सांध्यातून सुईनं काढलेल्या पाण्यात शोधताहेत. कूर्चा तुटते तेव्हा तिचे तुकडे कुठं तरी जाणारच, एवढं साधं त्यामागचं गणित आहे.

कूर्चेचा हा थर गुडघ्यात जेमतेम दोन ते चार मिलिमीटर जाड असतो. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतूही नाही. म्हणून तो झिजताना स्वतः दुखत नाही, दुखतं ते भोवतालचं अस्तर आणि खालचं हाड. दोन तृतीयांशाहून अधिक भाग नुसतं पाणी. बाकीच्यात मुख्य द्रव्यं दोन: टाइप टू कोलॅजेनचे तंतू, आणि त्या तंतूंच्या जाळीत कोंबलेलं ॲग्रिकॅन नावाचं अवाढव्य प्रथिन. ॲग्रिकॅन पाणी ओढून फुगू पाहतं, कोलॅजेन त्याला फुगू देत नाही. कापूस ठासून भरलेल्या नव्या गादीची खोळ जशी ताठ असते तसा हा ताण. पाऊल टेकलं की थर दबतो, उचललं की पूर्ववत होतो, आणि हे दिवसातून हजारो वेळा.

यातलं ॲग्रिकॅन पेशी हळूहळू नव्यानं बनवत राहतात. कोलॅजेनची गोष्ट वेगळी. २००० साली डच संशोधकांनी हिशेब मांडला की सांध्यातल्या कूर्चेतलं निम्मं कोलॅजेन बदलायला सुमारे ११७ वर्षं लागतील. त्वचेतल्या कोलॅजेनसाठी हाच आकडा १५ वर्षं निघाला. पुढं २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी याची पडताळणी वेगळ्याच वाटेनं केली. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळं हवेतला कार्बन-१४ एकदम वाढला होता, आणि त्या काळात शरीरात जे जे घडलं त्यात तो उतरला. जे तेव्हा प्रौढ होते त्यांच्या गुडघ्यांतल्या कोलॅजेनमध्ये मात्र तो जवळपास नव्हताच. म्हणजे जाळी विणली जाते ती वाढीच्या वयात, पुढं आयुष्यभर तीच. मग एखाद्याच्या लघवीत टाइप टू कोलॅजेनचे तुकडे वाढलेले सापडले तर त्याकडं काणाडोळा करता येत नाही. गेलेलं भरून निघणारं नाही.

आता हे तुकडे ओळखायचे कसे? रक्तात हजारो प्रथिनं असतात आणि कूर्चेचा तुकडा त्यात अत्यल्प. इथं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, कामाला येतं.

कोविडनंतर हा शब्द घराघरांत पोचला. मे २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं ‘कोविड कवच’ ही देशी एलायझा चाचणी तयार केली, तेव्हा त्या चाचणीत शोध घ्यायचा होता आपल्याच रक्तातल्या प्रतिपिंडांचा. गोठ्यातल्या बऱ्याच तपासण्यांतही तेच असतं. ब्रुसेलाची लागण झाली का, लाळ्या-खुरकुताच्या लसीनं काम केलं का, हे जनावराच्या रक्तातली प्रतिपिंडं सांगतात. कूर्चेच्या चाचणीत मात्र बाजू उलटते. इथं प्रतिपिंड ही शोधायची वस्तू नाही, ते शोधणाऱ्याच्या हातातलं हत्यार आहे. प्रयोगशाळेत मुद्दाम बनवलेलं, आणि कूर्चेच्या एका ठरावीक तुकड्यालाच चिकटणारं.

असं एकाच खुणेवर नेम धरणारं प्रतिपिंड हवं तेवढं बनवण्याची युक्ती १९७५ साली केंब्रिजमध्ये गेऑर्ग कोलर आणि सेझार मिलश्टाइन यांना सापडली. उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगाची न मरणारी पेशी यांचा त्यांनी संकर केला. त्यातून निघालेली पेशी एकच एक प्रतिपिंड अखंड बनवत राहते. १९८४ च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. त्याआधी १९७१ साली स्टॉकहोममध्ये एव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमान यांनी एलायझा मांडली होती, आणि त्याच वर्षी हॉलंडमधल्या दुसऱ्या जोडीनंही तशीच पद्धत काढली. ९६ खळग्यांची प्लास्टिकची ताटली, खळग्यांत चिकटवलेलं द्रव्य, नमुना घालायचा, धुवायचं, विकर, म्हणजे एन्झाइम, जोडलेलं प्रतिपिंड घालायचं, पुन्हा धुवायचं, आणि शेवटी उमटलेला रंग यंत्रानं मोजायचा. एड्सच्या साथीच्या काळात हे नाव आपल्या वर्तमानपत्रांत रुळलं.

कूर्चेच्या बाबतीत खरी करामत आहे ती कुठल्या खुणेवर नेम धरायचा, याच्या निवडीत. अखंड कोलॅजेन शोधून उपयोग नाही. आपल्याला हवं आहे तुटलेलं. कोलॅजेनचा दोर तोडणारी विकरं तो कुठंही तोडत नाहीत. ठरलेल्या एकाच जागी घाव घालतात आणि त्याचे तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश असे दोन भाग पडतात. तुटल्याबरोबर तिथं एक नवं टोक तयार होतं, अखंड दोरात जे मोकळं नव्हतंच. त्या ताज्या टोकालाच चिकटेल आणि अखंड दोराला मुळीच शिवणार नाही असं प्रतिपिंड बनवायचं. कॅनडात रॉबिन पूल आणि ब्रिटन-अमेरिकेत ब्रूस कॅटरसन यांच्या गटांनी अशी बरीच हत्यारं घडवली.

ॲग्रिकॅनच्या बाबतीत तर गुन्हेगाराआधी जखम सापडली. १९९२ मध्ये माणसाच्या सांध्यातल्या पाण्यात ॲग्रिकॅनचे असे तुकडे मिळाले, जे तोवर माहीत असलेल्या विकरांच्या घावाशी जुळेनात. तुकड्याच्या टोकावरून विकर कसं असेल याचा अंदाज बांधला गेला, त्याला नावही देऊन टाकलं गेलं, आणि प्रत्यक्ष विकर हाती लागलं ते सात वर्षांनी, १९९९ मध्ये. पोलिसी कादंबरीत शोभेल असा हा तपास शास्त्रीय नियतकालिकांच्या कंटाळवाण्या मथळ्यांआड दडून राहिला.

आज सर्वांत जास्त अभ्यासलेल्या खुणा दोन. पहिली ‘सीटीएक्स-टू’. टाइप टू कोलॅजेनच्या शेपटाकडचा बारीकसा तुकडा, तो रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतो. प्रतिपिंड ओळखतं ती खूण फक्त सहा अमिनो आम्लांची. एवढ्या छोट्या तुकड्यावर दोन प्रतिपिंडांना एकाच वेळी धरायला जागाच नाही. म्हणून या चाचणीत स्पर्धा लावतात: लघवीतला तुकडा आणि ताटलीवर चिकटवलेला नकली तुकडा प्रतिपिंडासाठी भांडतात. लघवीत तुकडे जास्त असतील तर रंग फिका पडतो. लघवी कमी-जास्त पातळ असते म्हणून आकडा क्रिएटिनीनच्या प्रमाणात मांडावा लागतो.

दुसरी खूण ‘कॉम्प’. पाच हातांचं हे मोठं प्रथिन कोलॅजेनची मांडणी सांभाळतं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात डिक हाइनेगॉर्ड यांच्या गटानं ते १९९२ मध्ये मांडलं, आणि त्याच वर्षी त्यांनी आणि टूर साक्सने यांनी दाखवलं की ते सांध्यातल्या पाण्यात आणि रक्तातही मोजता येतं. हे प्रथिन त्यांनी वेगळं काढलं होतं ते बैलवर्गी जनावराच्या कूर्चेतून. हा तपशील शिरवळच्या संदर्भात पुढं लागणार आहे.

लुंडमध्येच स्टेफान लोहमांडर यांनी या खुणांना माणसाच्या गुडघ्यांशी जोडलं. खेळताना गुडघा पिरगळून आतला लिगामेंट तुटलेल्या तरुणांच्या सांध्यातलं पाणी त्यांनी तपासलं. कोलॅजेनचे तुकडे दुखापतीनंतर लगेच वाढलेले होते, एक्स-रे अजून निर्मळ असतानाच. लोहमांडर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा चित्र स्पष्ट झालं. असा लिगामेंट किंवा गुडघ्यातली चकती फाटलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना दहा ते वीस वर्षांत दुखरा संधिवात गाठतो. विशीतला खेळाडू चाळिशीत म्हाताऱ्याचा गुडघा घेऊन फिरतो.

सातारा-सांगलीत हे वाचताना तालीम डोळ्यांपुढं येणारच. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीहून कुस्तीतलं कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. चार वर्षांनी मेलबर्नला जायचं होतं, आणि त्याआधी गुडघ्याला जबर दुखापत झाली. ऑलिम्पिकची वाट तिथंच संपली. त्या काळी आपल्याकडं गुडघ्याच्या आत डोकावण्याचं फारसं साधन नव्हतं. आज दुर्बीण आहे, एमआरआय आहे, मिरजेत आणि पुण्यात निष्णात शल्यविशारद आहेत, तरीही गुडघा दुखावलेल्या पैलवानाला पुढल्या दहा वर्षांत तो दगा देईल की नाही, हे सांगणारी खात्रीची तपासणी नाही. द्रवांच्या चाचणीनं भरून काढायची जागा नेमकी ही.

मग ती भरून निघाली का? हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरात १,२३५ वयस्क स्त्री-पुरुषांच्या लघवीतलं सीटीएक्स-टू मोजलं गेलं आणि २००४ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांचे आकडे सर्वांत वरच्या चौथाईत होते त्यांच्यात, सर्वांत खालच्या चौथाईच्या तुलनेत, पुढल्या काळात गुडघ्याची झीज वाढण्याचा धोका सुमारे सहापट आणि खुब्याचा आठपटीहून जास्त निघाला. असे आकडे पाहून औषध कंपन्यांचे डोळे चमकले नसते तरच नवल. झीज थांबवणाऱ्या औषधाची परीक्षा घ्यायला आता एक्स-रेसाठी वर्षानुवर्षं थांबायला नको, महिन्याभरात लघवी सांगेल, असा तो भरवसा होता.

दोनच वर्षांत तो भरवसा हलला. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वापरलं जाणारं रायझेड्रोनेट हे औषध गुडघ्याच्या झिजेवर चालतं का, हे पाहायला उत्तर अमेरिका आणि युरोपात २,४८३ रुग्णांवर दोन वर्षं प्रयोग झाला. औषधाचा डोस जितका जास्त तितकं लघवीतलं सीटीएक्स-टू खाली आलं. अगदी सुबक उतार. आणि गुडघे? वेदना खोट्या गोळीइतक्याच, फट कमी होण्याचा वेगही तोच. आकडा सुधारला, माणूस होता तिथंच राहिला. पुढं गोळीच्या रूपातल्या कॅल्सिटोनिनचीही अशीच गत झाली. सुरुवातीच्या अभ्यासात खुणा खाली आल्या होत्या, मोठ्या प्रयोगांत गुडघ्यांना ठोस फायदा मिळाला नाही.

याची कारणं शोधताना लक्षात आलं की सीटीएक्स-टू बहुधा फक्त वरच्या मऊ कूर्चेतून येत नाही. हाडाला लागून असलेल्या, चुना धरलेल्या थरातूनही येतं. हाडाची उलाढाल मंदावणारं औषध दिलं की तो झरा आटतो. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा आकडा चढतो तोही बहुधा याच कारणानं. शिवाय लघवी सगळ्या शरीराची बेरीज असते. दोन गुडघे, दोन खुबे, बोटांचे सांधे, मणक्यांमधल्या चकत्या, सगळ्यांचं एकत्र. उजवा गुडघा सुटतोय की कंबर, हे बाटली सांगत नाही. सांध्यातलं पाणी सांगू शकतं, पण निरोगी गुडघ्यात ते असतं जेमतेम दोन-तीन मिलिलिटर. त्यासाठी सुई घालायची, आणि ते मिळालं नाही तर सलाइननं सांधा धुवून काढायचा. मग किती पातळ झालं याचा वेगळा हिशेब.

कॉम्पची खोड आणखी निराळी. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते, हजारो माणसं यवतेश्वरच्या घाटातून वर पळत जातात. त्यातल्या कुणाचंही रक्त शर्यत संपताच घेतलं तर कॉम्प चढलेलं दिसण्याची दाट शक्यता आहे, कारण लांब पल्ल्याच्या धावकांमध्ये ते चढतं हे २००० सालापासून माहीत आहे. त्याचा अर्थ सगळ्यांचे गुडघे खराब झाले असा नाही. हौशी धावणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याचा संधिवात बैठ्या माणसांपेक्षा कमीच आढळतो, असं २०१७ मधल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं: ३.५ टक्के विरुद्ध १०.२ टक्के. स्पर्धेसाठी धावणाऱ्यांत मात्र १३.३ टक्के. घाट कशाला, साधं अर्धा तास चालल्यानं निरोगी माणसाचं कॉम्प जवळपास दहा टक्के वाढतं आणि साडेपाच तासांनी पुन्हा एकदा थोडं वर जातं, हे अमेरिकेत २००५ मध्ये मोजून झालंय. उलट अंथरुणाला खिळवून ठेवलं तर ते उतरतं. आता रक्त द्यायला एसटीनं आलेला आणि स्टँडपासून पायी आलेला, या दोघांचे आकडे एका रांगेत कसे लावायचे? म्हणून या चाचण्यांमध्ये कुठल्या वेळी, किती विश्रांतीनंतर, सकाळची कितवी लघवी, हे सगळं आधी ठरवून घ्यावं लागतं. हे नियम पाळले नाहीत तर चाचणी फक्त त्या माणसाची सकाळ कशी गेली तेवढं सांगते.

अमेरिकेत शासकीय आणि खासगी संस्थांनी मिळून ६०० जणांच्या गुडघ्यांवर अठरा खुणांची एकत्र परीक्षा घेतली. २०१७ मधल्या त्या निष्कर्षांत लघवीतलं सीटीएक्स-टू पुन्हा वरच्या ओळीत होतं, विशेषतः दोन वर्षं सातत्यानं मोजलेलं. पण एका माणसाला समोर बसवून त्याचं भविष्य सांगण्याइतकी ताकद त्यात नव्हती. गटाचा कल कळतो, व्यक्तीचा नाही. आज जगात कुठंही गुडघ्याच्या झिजेचं निदान या चाचणीवर केलं जात नाही. किटच्या खोक्यावर बहुतेकदा ‘केवळ संशोधनासाठी’ असं छापलेलं असतं, आणि ते खरं आहे.

हे ठासून सांगायला हवं, कारण गुडघे दुखू लागले की आपल्याकडं तपासण्यांची यादी लांबते. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, यूरिक ॲसिड, सीआरपी. या तपासण्या आपापल्या जागी उपयोगाच्या आहेत, पण यातली एकही कूर्चेची झीज मोजत नाही. अँटी-सीसीपी हीसुद्धा प्रतिपिंडाचीच तपासणी, पण ती आमवाताची, जिथं शरीर स्वतःवरच उठतं. वयानं किंवा मारानं झिजलेल्या गुडघ्यात हे सगळे अहवाल बहुधा ठीकठाक येतात आणि रुग्ण ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी दुखतंय’ म्हणत घरी जातो. उद्या एखाद्या पॅकेजात सवलतीच्या दरात ‘कार्टिलेज प्रोफाइल’ दिसलं तर खिशाला हात घालण्याआधी रायझेड्रोनेटची गोष्ट आठवलेली बरी.

आणखी एक अडचण खास आपली आहे. रॉटरडॅमचे आकडे रॉटरडॅमच्या माणसांचे. तिथं कुणी उकिडवं बसून ऊस तोडत नाही, मांडी घालून पंगतीला बसत नाही. ग्रामीण महाराष्ट्राच्या सांध्यांची पहिली शिस्तशीर मोजणी झाली ती भिगवणला. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पाठबळानं तिथं घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांची तपासणी झाली, त्यात सुमारे १८ टक्क्यांना स्नायू-सांध्यांचं दुखणं होतं. झिजेचा संधिवात सहा टक्क्यांच्या आसपास, आमवात अर्धा टक्का. भिगवणनं दुखणं मोजलं. आपल्या शेतकऱ्याच्या, ऊसतोडणी कामगाराच्या, पैलवानाच्या लघवीत सीटीएक्स-टू साधारण किती असतं, याची मोठी पायाभूत मोजणी झाल्याशिवाय कुणाचा आकडा चढा आणि कुणाचा बरोबर हे म्हणायला आधार राहत नाही. पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये गुडघा बदलताना काढून टाकलेली कूर्चा बशीत जिवंत ठेवून अश्वगंधेचा परिणाम तपासला होता. कूर्चेतून किती द्रव्य सुटतं हे त्यांनी मोजलं. काही रुग्णांच्या कूर्चेत फरक पडला, काहींच्या नाही. लहानसंच काम, पण त्यातून एक गोष्ट दिसते: झिजलेले सगळे गुडघे एका जातीचे नसतात, आणि कुठला कुठल्या जातीचा हे निवडून देण्यात या खुणांचा उपयोग कदाचित जास्त आहे, भविष्य सांगण्यापेक्षा.

ते सिद्ध कसं करणार? माणसात अडचण वेळेची आहे. दुखापत विसाव्या वर्षी, झीज पस्तिसाव्या. कुठलीही संशोधन-योजना पंधरा वर्षं तग धरत नाही. पैसा संपतो, माणसं बदलतात, नमुने ठेवलेला फ्रीझर एखाद्या उन्हाळ्यात भारनियमनाला बळी पडतो.

इथं शिरवळकडं परत यावं लागतं. कारण हा विषय पहिल्यापासून जनावरांच्या जिवावर उभा आहे. कॉम्प बैलवर्गी जनावरातून निघालं. खाटीकखान्यातून आणलेला जनावराचा गुडघा हा जगभरच्या कूर्चा-प्रयोगशाळांचा रोजचा कच्चा माल. १९७३ मध्ये पॉन्ड आणि नुकी यांनी कुत्र्याच्या गुडघ्यातला लिगामेंट कापून झिजेचा जो नमुना उभा केला, त्यावर पुढची पन्नास वर्षं औषधं तपासली गेली. मिळालेलं ज्ञान माणसाकडं गेलं. जनावराच्या वाट्याला अजूनही हात फिरवून बघणं आणि एक्स-रे.

अपवाद आहे घोड्यांचा, कारण त्यात पैसा आहे. स्वीडनमध्ये एव्हा शोल्डेब्रांड यांच्या गटानं कॉम्पवर पडणारा एक ताजा घाव हेरला आणि फक्त त्याच टोकाला धरणारं प्रतिपिंड बनवलं. नुकत्याच लंगडू लागलेल्या घोड्यांच्या सांध्यातल्या पाण्यात हा तुकडा वाढलेला असतो, असं त्यांनी २०१७ मध्ये मांडलं. जुनाट झीज वेगळी, ताजी दुखापत वेगळी, असा भेद करणारी खूण म्हणून तिच्याकडं पाहिलं जातंय. रोजच्या पळण्यानं वाढलेलं कॉम्प आणि तुटलेलं कॉम्प यांतला गोंधळ, जो मॅरेथॉनच्या धावकांत होतो, तो इथं निम्म्यानं तरी सुटतो.

आपल्याकडं घोड्यांपेक्षा बैल महत्त्वाचा. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्या अटींसह पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा ग्राह्य धरला. तेव्हापासून सातारा-सांगलीत शर्यतींची मैदानं पुन्हा गाजू लागली, नावाजलेल्या खिलाराची किंमत लाखांत जाऊ लागली. शर्यतीआधी बैल तंदुरुस्त असल्याचा दाखला पशुवैद्यानं द्यायचा असतो. तो दाखला डोळ्यांनी बघून आणि हातानं चाचपून दिला जातो. पळवून आणल्यावर पायात किती झीज सुरू झाली, हे मोजायचं साधन त्याच्याकडं नाही.

माणसाची किट आणून बैलाच्या लघवीवर चालवली की झालं, असंही नाही. कोलॅजेनची रचना प्राण्या-प्राण्यांत बरीच सारखी असली तरी एखाद-दुसरं अमिनो आम्ल बदललं की प्रतिपिंडाची पकड सुटते. आधी साध्या कसोट्या लावाव्या लागतात. नमुना निम्मा पातळ केला तर आकडा निम्मा येतो का? माहीत असलेला तुकडा मुद्दाम मिसळला तर तो पुरता परत मोजला जातो का? हे जुळलं नाही तर ताटलीवर उमटलेला रंग नुसती शोभा. यासाठी परदेशी यंत्रसामग्री लागत नाही. एलायझाचं यंत्र, उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर आणि चिकाटीचा विद्यार्थी एवढं पुरतं, आणि पदव्युत्तर पदवीचा प्रबंध लिहायला दोन वर्षं मिळतात.

दोन वर्षं कुत्र्याच्या बाबतीत पुरेशी आहेत, हीच यातली मोक्याची गोष्ट. अंगानं भरलेल्या लॅब्राडॉरचा गुडघ्यातला लिगामेंट फाटतो तेव्हा हाडाच्या कडेला नवी हाडं फुटायला काही आठवडे पुरतात. माणसात पंधरा वर्षं घेणारी गोष्ट तिथं प्रबंधाच्या मुदतीत डोळ्यांदेखत घडते. शिवाय अशा बऱ्याच कुत्र्यांचा पुढं दुसरा गुडघाही जातो. म्हणजे शस्त्रक्रियेच्या दिवशी अजून शाबूत असलेल्या पायातलं पाणी, सोबत रक्त आणि लघवी, सगळं एकाच वेळी घेऊन ठेवलं, आणि पुढल्या तपासणीला मालक कुत्र्याला घेऊन येतील तेव्हा तेच पुन्हा केलं, तर कुणाचा दुसरा पाय गेला आणि कुणाचा टिकला हे दोन वर्षांत समोर येईल. मग फ्रीझर उघडून पाहायचं: ज्यांचा गेला त्यांच्या पहिल्या दिवशीच्या पाण्यात तुकडे जास्त होते का. लुंड आणि रॉटरडॅमला जो प्रश्न माणसांवर सोडवायला दशकं लागली आणि तरीही अर्धाच सुटला, तो या रीतीनं विचारायला लागणारे रुग्ण पुणे-सातारा रस्त्यावर गाडीच्या मागच्या सीटवर बसून रोज येताहेत. बैलाची पाळी त्यानंतर, कारण शर्यतीच्या बैलाच्या धन्याला सांध्यात सुई घालू द्यायला राजी करणं हे काम एलायझापेक्षा अवघड आहे. त्याच्यासाठी सुरुवात लघवीपासूनच करावी लागेल, सकाळी, जुंपायच्या आधी.